बावखलावरचे इनासकाका

इनासकाकांची आणि माझी ओळख एका खोडरबरामुळे झाली.

सांडोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यातला रविवार होता. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मी चादर वाळत घातली आणि वळले, तोच चादर आपोआप खाली सरकायला लागली. मी धावत जाऊन तिचं एक टोक धरलं. दुसरं टोक कुणीतरी ओढतच होतं. वाकून पाहिलं, तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, केळीच्या वाडीत, साठीतले एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे. खाली हाफ पँट, वर पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हातात मासे धरायची काठी. काठीतून निघालेली दोरी माझ्या गॅलरीतल्या दांडीला दोन वेढे मारून चादरीत शिरली होती. तिच्या टोकाला गळाच्या जागी शाळेतला पांढरा खोडरबर बांधलेला होता.

"ओढू नका!" ते खालून ओरडले. "तुम्ही ओढलं की गुंता आवळतो. ढील द्या, ढील!"

चादर माझी, गॅलरी माझी, आणि ढील मीच द्यायची. दिली.

"त्या बादलीत टाकायचा होता," केळीखाली ठेवलेल्या बादलीकडे बोट दाखवत ते म्हणाले. "वारा आडवा आला."

केळीचं एक पान हलत नव्हतं. बादली त्यांच्या उजवीकडे होती आणि माझी गॅलरी डावीकडे, वर. पण ते इतक्या गंभीरपणे बोलले की मीही मान डोलावली. घराच्या पडवीत बसून वाल सोलणाऱ्या त्यांच्या बायकोने मात्र मान वर न करता सांगितलं, "बाय, कपडे आत घे. याचा वारा रोज आडवाच येतो."

त्या रेजीनमावशी. माहेर पाचूबंदरचं. वडील, भाऊ, भाचे, सगळे बोटीवरचे. त्यांच्या माहेरी मासा टोपलीने मोजतात. अशा घरातली मुलगी सांडोरच्या वाडीत दिली, आणि नवरा निघाला एका वेळी एक मासा धरणारा. तोही धरलाच तर. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. जमिनीखालच्या केबल जोडण्यात त्यांची चाकरी गेली. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी भाच्याला देऊन टाकलं आणि स्वतःसाठी काठी शोधायला निघाले. हा शोध पुढे सात महिने चालला, असं मावशी सांगायच्या. काकांच्या मते पाचच.

घराच्या मागे बावखल होतं. वसईत वाड्यांना पाणी द्यायला पूर्वी जी तळी खणली, त्यांना बावखल म्हणतात. हे बावखल फार मोठं नाही. एका बाजूला दगडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पाण्यावर ओणवलेले नारळ आणि भेंड, कडेला जलपर्णीचा हिरवा पट्टा. आत रोहू, चिलापी आणि क्वचित एखादी मरळ. एवढ्याशा पाण्यासाठी काकांनी जेवढा विचार केला, तेवढा लोक घर घेताना करत नाहीत. मला ते अनुभवाने माहीत आहे. आमचं घर आम्ही एका दुपारीत पसंत केलं होतं.

त्यांच्यासोबत एकदा मी दुकानात गेले. माझ्या भावाला वाढदिवसाला काठी द्यायची होती, आणि मी काकांना नुसतं विचारलं, "कुठली घेऊ?" ही माझी चूक. शनिवारी दुपारी अडीचला ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

दुकान स्टेशनजवळच्या बाजारात, छत्र्या आणि रेनकोटच्या मधे. आम्हाला पाहताच दुकानदाराने गल्ल्यावर बसलेल्या भावाला सांगितलं, "तू बघ, मी जेवून येतो." नंतर कळलं, त्याचं जेवण केव्हाच झालं होतं.

दुकानदाराच्या भावाने बिचाऱ्याने कोपऱ्यातली सर्वांत लांब काठी काढली. दहा फुटी. "ही बघा काका, कळंबच्या बीचवरून टाकली तर थेट..."

"थेट कुठे? अरबस्तानात?" काकांनी काठी हातातही घेतली नाही. "तुम्ही समुद्र विकता. आम्हाला तळं पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, आधी पाणी बघायचं, मग काठी. तुझा भाऊ कुठल्या पाण्यावर बसणार?"

"त्याच्या गावच्या तलावावर."

"काठाला झाडं आहेत?"

"असतील."

"असतील म्हणजे? फोन लाव."

मी दुकानातून माझ्या भावाला फोन लावला. झाडं होती. मग काकांनी ठरवलं, सात फूट. जास्त लांब काठी मागे घ्यायला गेलं की फांदीत अडकते, आणि फार आखूड असली तर काठाचं गवत ओलांडून दोरी पलीकडे जात नाही. अशा सात फुटी काठ्या दुकानात अकरा होत्या. काकांनी अकराही पाहिल्या. प्रत्येकीचं टोक दुकानाच्या छताला लावून ते हलकेच दाबायचे आणि ती कुठून वाकते ते बघायचे. फक्त शेंड्याला वाकली तर फार कडक, मुठीपर्यंत वाकली तर फार लेचीपेची. मग खिशातून कापसाचा बोळा काढायचा आणि दोरी जिथून जाते त्या एकेका कडीतून फिरवायचा. कापसाचा तंतू अडकला की ती काठी बाद. "कडीला केसाएवढा जरी चरा असला तरी दोरी कापते," ते म्हणाले. तोवर दुकानात तीन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. त्यातला एकजण रेनकोट घ्यायला आलेला होता, पण तोही कापसाकडे बघत उभा राहिला.

रीळ निवडताना काका ते कानाला लावत. फिरवत आणि ऐकत, डोळे मिटून. तीस वर्षं टेलिफोनच्या तारेत खरखर शोधलेला माणूस होता तो. "यात वाळू आहे," त्यांनी कोऱ्या, डबाबंद रिळाबद्दल निकाल दिला. दुकानदाराच्या भावाने दुसरं दिलं. तेही ऐकलं. चौथं पसंत पडलं. मोठं नको, मुठीत मावेल एवढंच, कारण मोठं रीळ छोट्या काठीवर लावलं की मनगट तासाभरात रडायला लागतं.

राहिली दोरी. नायलॉनची, पारदर्शक, जिला मावशी तंगूस म्हणायच्या. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ही खिडकीत किती दिवस होती?" उन्हात राहिलेली दोरी म्हणे आतून कुजते, वरून दिसत नाही. मग जाडी. जाड घेतली तर हलकं आमिष लांब जात नाही, शिवाय माशाला दिसते. "दोरी दिसली की मासा वकिलासारखा विचार करतो." बारीक घेतली तर जलपर्णीत शिरलेल्या मरळीने एक हिसका दिला की संपलं. शेवटी मधली ठरली. तिचा हातभर तुकडा घेऊन त्यांनी गळाला गाठ मारली, आवळण्याआधी जिभेवर ओली केली आणि दोन्ही हातांनी ताणली. कोरडी गाठ आवळताना नायलॉन तापतं आणि तिथेच तुटतं, हे त्यांनी मला सांगितलं, दुकानदाराच्या भावाला सांगितलं आणि रेनकोटवाल्यालाही सांगितलं.

पावणेपाच वाजता आम्ही बाहेर पडलो. माझ्या भावाने ती काठी आजवर तीन वेळा वापरली आहे.

एवढ्या तयारीनंतर काका स्वतः मासे किती धरत? खरं सांगायचं तर आमच्या शेजारच्या मांजराचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की ते घडीचं स्टूल, पाव मळून केलेल्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन बावखलावर जात. बाराला परत. कधी बोटभर चिलापी, कधी तीही नाही. बरा मासा लागलाच तर गळ सोडवून, त्याच्याकडे जरा वेळ बघून पुन्हा पाण्यात सोडून देत. मावशींना हे सहन होत नसे.

"माझा बापूस ऐकल तर माझं नाव टाकल," त्या म्हणायच्या. "हातात आलेला मासा पान्यात टाकतो! मग गेला कशाला? तोंड बघायला?"

"हो," काका शांतपणे म्हणायचे.

"माझं बघ ना मग. घरात बसून बघता येतं."

मग आला तो पावसाळा. तीन दिवस पाऊस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरात गुडघाभर पाणी झालं आणि ती दोघं आमच्याकडे वर आली. मावशींनी क्रूस, कागदपत्रांची पिशवी आणि सुक्या बोंबलांची बरणी आणली होती. काकांनी काठी आणली होती. मावशी जिन्यातून वर येईस्तोवर या विषयावर बोलत होत्या.

समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर कमलताई राहत, सत्तरीच्या, मधुमेहाच्या. दुपारी त्यांच्या सुनेने, वर्षाने, गॅलरीतून ओरडून सांगितलं, की इन्सुलिन संपलंय, सकाळचंही टोचलेलं नाही, साखर वाढतेय आणि सासूबाई ग्लानीत आहेत. माझे सासरेही तेच इन्सुलिन घेत. वर्षाच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून मीच कमलताईंच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी नाव, मात्रा, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, चालेल, लगेच द्या. पण देणार कसं? दोन बिल्डिंगमधल्या रस्त्याचा नाला झाला होता. छातीभर पाणी, आणि त्याला ओढ. आमच्या वॉचमनने कमरेला दोर बांधून प्रयत्न केला. चार पावलांत त्याचे पाय सुटले आणि आम्ही त्याला कसंबसं मागे ओढलं. अग्निशमनवाले येतो म्हणाले होते, पण त्यांची बोट दुसरीकडे अडकली होती.

काका गॅलरीत उभे राहून समोर बघत होते. "तीस मीटर," ते म्हणाले. मग काठी जोडायला बसले.

मी त्यांना हसले नाही, पण माझ्या मनात ती चादर आली.

आम्ही गच्चीवर गेलो. माझे यजमान काकांवर छत्री धरून उभे राहिले. काकांनी दोरीला शिशाचा गोळा बांधला, गाठ ओली केली, आवळली. पहिली फेक रस्त्याच्या मध्यात पडली आणि परत येताना एक निळी स्लिपर घेऊन आली. दुसऱ्या फेकीत गोळा तिसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या जाळीत अडकला. एरवी अशा वेळी वाऱ्याला दोष देणारे काका त्या दिवशी गप्प होते. दोरी कापून त्यांनी नवा गोळा बांधला आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या. त्या बाह्या वर गेलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

तिसरा गोळा वर्षाच्या गॅलरीत पडला.

"धरा! ओढू नका!" काका ओरडले. मग त्यांनी माझी आणि शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी एकत्र जोडून दुहेरी केली आणि तिची घडी तंगूसाच्या आमच्याकडच्या टोकाला बांधली. "आता ओढा. हळू. हळू!" केबल अशीच ओढतात, ते आम्हाला सांगत होते, आधी बारीक तार, मग तिच्यामागून जाड. दोरीची घडी पलीकडे गेली, वर्षाने ती गॅलरीच्या गजावर अडकवली, आणि आम्ही एक पदर ओढला तसं दुसऱ्या पदराला बांधलेल्या थर्मासमधलं इन्सुलिन पाण्यावरून डोलत डोलत गेलं. वर्षाने थर्मास छातीशी धरला आणि आत पळाली. तासाभराने ती बाहेर आली, हात जोडले आणि मग तिला रडूच फुटलं. कमलताई बोलायला लागल्या होत्या.

मावशी गच्चीच्या दारात होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "एवढ्या वर्सांत पयल्यांदा याच्या दोरीला कायतरी लागलं."

पुढचे दोन दिवस त्या दोरीवरून मेणबत्त्या गेल्या, खिचडी गेली, आणि मावशींच्या हट्टाने बोंबीलही गेले. कमलताई शुद्ध शाकाहारी. बोंबील परत आले.

या गोष्टीबद्दल कुणी कौतुक केलं की काका अस्वस्थ व्हायचे. "दुसरी फेक फार वाईट होती," एवढंच म्हणायचे.

साधारण दोन वर्षांनी त्यांचं बावखलावर जाणं कमी झालं. विचारलं तर म्हणायचे, "काठी जुनी झाली. नवी बघतोय." मग नवी आली आणि आठवड्यात परत गेली. मूठ बरोबर नव्हती म्हणे. दुसरी आली, तिची कडी खराब. मग दोरीच धड मिळत नाही, हल्लीची दोरी गाठ धरत नाही. मी नेहमीप्रमाणे चिडवलं, "काका, एवढ्यात तर माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, झालं आणि तिला मुलगी झाली." ते हसले. उजवा हात पँटच्या खिशात होता. तो हल्ली कायम खिशात असतो, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

ते कळलं लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत. मावशींचा डबा परत करायला मी मागच्या दाराने गेले. काका खिडकीपाशी टेबलावर वाकून बसले होते. डाव्या हातात गळ, उजव्या हातात दोरी. दोरीचं टोक गळाच्या भोकाजवळ जायचं आणि थरथरत बाजूला जायचं. पुन्हा जवळ, पुन्हा बाजूला. पायाशी दोरीचे कितीतरी तुकडे पडले होते. खूप वेळ झाला असावा. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि हात टेबलाखाली नेला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," ते म्हणाले.

"हो काका. माझाही," मी म्हणाले आणि डबा ठेवून निघाले. माझ्या सगळ्या विनोदांची मला लाज वाटली.

मावशी वाडीत अळू काढत होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ठावं हाय गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बोलला, कंपवात हाय. गोल्या चालू हायत. सगल्यांना सांगतो काठी वाईट, दोरी वाईट. मी पन बोलते, हो रे, वाईट हाय." त्यांनी अळूची जुडी बांधली. "सोमवारी तुला टाइम हाय काय? मला त्या दुकानात घेऊन चल."

सोमवारी दुकानदार काकांना शोधत आमच्या मागे रस्त्यावर बघत राहिला. मावशी काउंटरसमोर उभ्या राहिल्या. "हात हलतो अशा मानसाला चालल अशी काठी दे," त्यांनी सरळ सांगितलं. दुकानदाराचा चेहरा बदलला. कोण माणूस, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने स्वतः शिडी लावून वरच्या फळीवरून एक काठी काढली, हलकी, आखूड, जाड रबरी मुठीची. रीळही वेगळं, झाकण असलेलं. अंगठ्याने बटण दाबायचं आणि सोडायचं, की दोरी जाते. बोटात दोरी धरून ठेवायची गरजच नाही. मग तो थांबला आणि म्हणाला, "कापूस हवाय का? कड्या तपासायला?" मावशींनी काठीच्या कड्या नखाने तपासल्या. जन्मभर जाळी विणलेलं नख होतं ते.

घरी येऊन त्यांनी एका दुपारी वीस गळ बांधले आणि थर्माकोलवर ओळीने टोचून ठेवले. आणि काकांना म्हणाल्या, "मला शिकव."

"काय?"

"मासे धरायला. घरात बसून कंटाला येतो. काठी आनलीय मी. माझी हाय. गाठी मी मारनार, मला सराव पायजे. तू नुसतं सांग."

काकांनी काठी बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली. आखूड आहे, म्हणाले. मूठ विचित्र आहे, हे रीळ लहान मुलांचं असतं, दोरी तर सुतळीच. मावशी ऐकत राहिल्या. शेवटी काका म्हणाले, "पण शिकायला ठीक आहे." त्यांना सगळं समजलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मावशींना मी कधी विचारलं नाही.

पुढच्या थंडीत काका गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. त्याआधी त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते दिवाळीनंतरच्या एका सकाळी. मी बँकेत जायला निघाले होते, उशीर झाला होता, म्हणून बावखलाच्या कडेची वाट धरली.

दोघं पायऱ्यांवर बसली होती. काका वरच्या पायरीवर, मावशी खालच्या पायरीवर त्यांच्या गुडघ्यांना टेकून. काठी मावशींच्या हातात, आणि मुठीवर त्यांच्या हातावर काकांचा उजवा हात. काठीचं टोक थरथरत होतं. हाताने की माशाने, ते मला तिथून कळेना. त्यांनाही कळत नसावं, कारण दोघं टक लावून टोकाकडे बघत होती. मग ते टोक पाण्यापर्यंत वाकलं.

"ढील दे!" काका ओरडले. "रेजीन, ढील!"

"कसली ढील!" मावशींनी जाळं ओढावं तशी काठी दोन्ही हातांनी मागे ओढली. काका पाठीवर पडता पडता वाचले, आणि किलोभराचा रोहू पायरीवर येऊन धडपडायला लागला. बावखलात एवढा रोहू आहे, हे मला माहीत नव्हतं.

"हा सोडायचा," काका धापा टाकत म्हणाले. "बघ किती सुंदर आहे."

"सुंदर हाय तर आमटी पन सुंदर व्हईल." मावशींनी गळ काढला, मासा पदरात गुंडाळला आणि चालू लागल्या. काका उठले. एका हाताने स्टूल, दुसऱ्याने काठी सांभाळत, हा नियम नाही, असं करत नाहीत, तू शिकणार कधी, असं मोठमोठ्याने सांगत मावशींच्या मागोमाग केळीतून घराकडे गेले. इस्त्रीचा शर्ट पुढून सगळा भिजला होता.